तीन पाट्या आणि एक स्लॅब

आमच्या ऑफिसात सात टेबलं आहेत. 2023 च्या पावसाळ्यात त्यांतलं एक टेबल बाकीच्या सहांना नकोसं झालं होतं. ते कसं झालं, आम्ही काय काय करून पाहिलं आणि शेवटी कशानं जमलं, ते लिहून ठेवतोय. चुकलेल्या भागाला जास्त जागा गेली आहे, कारण तो बराचसा माझा आहे. नावं मुद्दाम देत नाही. माणसं कामावरून ओळखू येतील.

जागा आणि माणसं

जागा पुण्यात, कर्वे रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. पूर्वी इथे दवाखाना होता. पेशंट बसायची खोली आणि डॉक्टरांची खोली यांच्यामधली भिंत पाडून एक लांबट हॉल केलाय. भिंतींना कंबरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, खाली मोझेकची फरशी, एका बाजूला काचेच्या सरकत्या खिडक्या. बोललेला शब्द इथे कुठे मुरत नाही, भिंतीवर आपटून परत येतो. मागच्या बाजूला पाच बाय सहा फुटांची एक खोली तेवढी शिल्लक आहे. तिथे इंजेक्शनं द्यायचे, म्हणून सगळे तिला अजून ‘इंजेक्शनची खोली’च म्हणतात. त्या वेळी तिच्यात माझे प्रुफांचे गठ्ठे होते, दाराशी जेमतेम उभं राहता येईल इतके.

लिव्ह अँड लायसन्सचा करार माझ्या नावावर आहे आणि मालकांच्या संमतीनं बाकीची टेबलं मी देतो. भाडं 42,000, म्हणजे टेबलामागे 6,000. यात मला सुटत काही नाही, पण दोन टेबलं रिकामी झाली तर 12,000 माझ्या खिशातून जातात.

मी संपादन आणि मुद्रितशोधन करतो. माझ्या शेजारी एक ताई मालिकांची सबटायटल्स लिहितात. दिवसभर कानात आवाज, समोर वेळेचे आकडे. त्यांच्यापलीकडे डिझायनर, वय पंचविशीचं. खिडकीकडची दोन टेबलं सीए मॅडमची, एक त्यांचं आणि एक त्यांच्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणाऱ्या मुलाचं. सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, त्यामुळे तो संध्याकाळी येतो आणि आमच्यातल्या निम्म्यांनी त्याला नीट पाहिलेलं नाही. सातवं टेबल इंजिनियर सरांचं.

सर एप्रिलमध्ये आले. पन्नाशी ओलांडलेली, आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाचे सल्लागार. पहिल्याच दिवशी खालच्या अमृततुल्यातून सगळ्यांना चहा आणि क्रीमरोल मागवले. डिझायनरची स्कूटर बंद पडली तेव्हा स्वतः खाली उतरून प्लग साफ करून दिला. हे आधीच सांगतो, कारण त्रास देणारा माणूस उर्मट असला की गोष्ट सोपी होते. आम्हाला ती सोय नव्हती.

फोन

सरांचं निम्मं काम फोनवर चालतं. शहरात आणि आजूबाजूला त्यांच्या पाच-सहा साइट्स असतात. स्लॅब भरायच्या आधी सळई तपासून ‘भरा’ म्हणणं त्यांच्या हातात असतं, आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष जाणं होत नाही. मग हे सुरू होतं:

“हॅलो! हां, बोल! आठ एमएमच्या रिंगा ना? अंतर किती ठेवलंस? अरे अंदाजे नको सांगू, टेप लाव! टेप! हां! कव्हर ब्लॉक टाकलेत का खाली?”

सुरुवातीला हे स्पीकरवर असायचं, म्हणजे पलीकडून “टाकलेत सर, बीमला कमी पडले” हेही आम्हाला ऐकू यायचं. मागे मिक्सर, व्हायब्रेटर आणि कुणाचा तरी रेडिओ.

हे फोन नंतर घेण्यासारखे नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. तयार काँक्रीटची गाडी प्लँटवर भरली की दोन तासांच्या आत रिकामी व्हावी, असं भारतीय मानक सांगतं. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून साइटवर पोचते तेव्हा त्यातला तासभर गेलेला असतो. अशा वेळी एखादी सळई सरकलेली दिसली तर सुपरवायझर ‘लंच ब्रेकमध्ये करतो फोन’ म्हणू शकत नाही. आम्हाला मात्र एवढंच दिसत होतं, की एक माणूस दिवसातून पंधरा वेळा ओरडतो.

पाट्या

जूनमध्ये ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. एकच वाक्य त्या चार-चार वेळा ऐकत होत्या. “तुम्ही सांगा ना त्यांना,” त्या म्हणाल्या. करार माझ्या नावावर, म्हणजे सांगणं माझं काम. मी हो म्हणालो, आणि सांगण्याऐवजी पाटी लिहिली.

पुण्यात पाटी लिहिणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही, उलट रसिक म्हणतात. ती आमची मोठीच सोय आहे. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याला चार शब्द ऐकवता येतात आणि वर येणारेजाणारे दादही देतात. पहिली पाटी साधी होती: ‘कृपया फोनवर हळू बोलावे.’ जुलैत दुसरी लावली: ‘स्पीकरफोन हा जाहीर कार्यक्रम नाही. श्रोते कामात आहेत.’ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसरी, आणि ती मला फारच आवडली होती: ‘येथे सात जण बसतात. त्यांपैकी सहांना स्लॅबची काळजी नाही.’ तिन्हींमध्ये शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो.

पहिली पाटी सरांनी वाचली आणि त्यांचा समज झाला की ती आर्टिकलशिपच्या मुलासाठी आहे. दुसरीनंतर त्यांनी स्पीकर बंद केला. ‘जनरल सूचना आहे, आपणही पाळावी’ असं त्यांना वाटलं. बाजारातून चांगला, दोन्ही कान झाकणारा हेडफोन आणला आणि मला कौतुकानं दाखवला. तिसऱ्या पाटीत स्लॅब हा शब्द असूनही ते मोठ्यानं हसले, तिचा फोटो काढून त्यांच्या इंजिनियर मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या हिशेबानं तो प्रश्न हेडफोन आणला तेव्हाच मिटलेला होता. ही पाटी म्हणजे त्यावरची गंमत.

प्रत्यक्षात हेडफोन आल्यापासून त्रास वाढला होता. ताई म्हणाल्या, “पूर्वी बरं होतं हो.” मला वाटलं, त्या वैतागून बोलतायत.

मुलाचं काय झालं

खरं नुकसान दुसरीकडेच होत होतं. जूनच्या शेवटी एका दुपारी तो मुलगा कुणा क्लायंटशी बोलत होता. तसा बेतानंच. सर जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळ, ती पाटी वाचलीस ना?” प्रेमानंच म्हणाले. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, ऑफिसात सगळ्यांत लहान. तो उठून जिन्यात गेला, आणि त्यानंतर सगळे फोन जिन्यातच घेऊ लागला.

31 जुलै ही प्राप्तिकर विवरणपत्रांची शेवटची तारीख होती. त्याआधीचे तीन आठवडे तो दिवसातले दोन-दोन तास जिन्यात उभा होता. मी येता-जाता बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, पोराला समज आहे. पाटीचा उपयोग झाला याचा पुरावा म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो!

ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सीए मॅडमना जिन्यात गाठलं आणि सहज म्हणाले, की तुमचा मुलगा लोकांचे पॅन नंबर आणि उत्पन्नाचे आकडे फार स्पष्ट उच्चारतो. त्या दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. क्लायंटची माहिती बाहेर जाणं हा त्यांच्या व्यवसायात कायद्यानं गैरवर्तनाचा प्रकार आहे; सीएंचा 1949 चा कायदा तसं म्हणतो. आवाज न चढवता त्या बोलल्या, ते जास्त लागलं.

“माझा मुलगा जिन्यात आणि ते आत? सप्टेंबरभर माझी ऑडिटची कामं आहेत. ती झाली की मी दोन्ही टेबलं सोडते.”

मी म्हणालो, पाटी लावली होती. त्या म्हणाल्या, “पाटी वाचूनच तो जिन्यात गेला.”

चहा

मंगळवार, 29 ऑगस्ट. मी सरांना म्हणालो, “सर, खाली चहाला येता का? थोडं बोलायचंय.” ऑफिसात सांगायचं नाही, इतपत अक्कल तोवर आली होती.

काय सांगायचं ते मी रात्री ठरवलं होतं. ‘तुमचा आवाज मोठा आहे’ असं म्हणायचं नव्हतं. पन्नास वर्षांचा आवाज कोण बदलणार? मी म्हणालो, “सर, काल सव्वाअकराला तुम्ही साइटशी फोनवर बोलत होतात. कुठल्या बिल्डरकडे किती पैसे अडकलेत आणि तुम्ही त्याच्याबद्दल काय म्हणालात, ते मला माझ्या टेबलावर शब्दन् शब्द ऐकू आलं. ताईंना आलं. सीए मॅडमनाही आलं असणार.”

त्यांचा कप हातातच राहिला. मॅडमकडे बिल्डर लोकांची कामं असतात हे त्यांना माहीत होतं.

“रोज असं ऐकू येतं?”

“रोज.”

“कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

मग मुलाचं सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग चिडले. सरांवर चिडायची आमची तयारी होती, सर आमच्यावर चिडतील हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. “म्हणजे ती पाटी माझ्यासाठी होती? मी ग्रुपवर टाकली ती! तीन महिने पाट्या रंगवत बसलात, आणि मला एकदा सांगवलं नाही? रोज समोर बसतो ना मी तुमच्या?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मी दिले.

आवाज का चढायचा

त्यानंतरचा भाग मला या प्रकरणात सगळ्यांत उपयोगाचा वाटतो, कारण इथे स्वभावाचा विषय संपला आणि कारणांचा सुरू झाला. सर मुळात इंजिनियर. एकदा प्रश्न मांडला गेल्यावर त्यांनीच तो धरून लावला.

पहिली गोष्ट हेडफोनची. 1911 मध्ये एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञानं नोंदवून ठेवलंय की माणसाच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत आवाज चढवतो आणि गोंगाट थांबवला की आपोआप खाली येतो. याला लोंबार परिणाम म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये बँडशेजारी उभं राहून बोलताना आपलं हेच होतं. सरांच्या बाबतीत बँड कानातच होता. साइटवरचा मिक्सर, व्हायब्रेटर, पंप हे सगळं हेडफोननं थेट आत आणून सोडलेलं, त्यात दोन्ही कान झाकल्यामुळे खोली किती शांत आहे याचा पत्ताच नाही. ते मनानं साइटवर उभे राहून बोलत होते आणि साइटवर जितक्या जोरानं बोलतात तितक्याच जोरानं बोलत होते. पलीकडचा सुपरवायझरही मिक्सरशेजारून ‘ऐकू येत नाही सर’ म्हणत होता, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट ताईंच्या ‘पूर्वी बरं होतं’ची. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लक्ष देऊन करायचं काम चालू असताना लोकांना कधी दोघांचं पूर्ण संभाषण ऐकवलं, कधी फक्त एका बाजूचं. एका बाजूचं ऐकताना कामगिरी जास्त बिघडली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अर्धं संभाषण कानावर पडलं की पुढचं काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मेंदू ती रिकामी जागा भरण्यात गुंततो. म्हणजे आमच्या दुसऱ्या पाटीनं स्पीकर बंद करवून दोन्ही बाजूंनी नुकसान केलं होतं. आवाज चढला आणि ऐकणाऱ्यांच्या वाट्याला फक्त “टेप! टेप लाव!” उरलं. ताई वैतागून बोलत नव्हत्या, अचूक बोलत होत्या.

पाटीतून हे कळण्याचा मार्गच नव्हता. कारण पाटीला कुणी उलट सांगत नाही.

काय बदललं

इंजेक्शनची खोली रिकामी केली. माझे गठ्ठे घरी गेले. बायको अजून त्याबद्दल बोलते. खोलीत एक उंच स्टूल, भिंतीत मोबाइल ठेवायला फळी. टाइल्सवर सरांनी कुठल्याशा साइटवरून उरलेलं जाड कार्पेट आणून लावलं. दिसायला भयंकर आहे, पण आवाज घुमत नाही. दार बंद होतं.

स्लॅब कधी आहे हे आदल्या दिवशी माहीत असतं. त्या दिवशी सर सकाळीच लॅपटॉप घेऊन त्या खोलीत जातात. आधी ताईंना मेसेज येतो, ‘उद्या दहा ते दोन.’ ताईंनी त्याला जोडून आपलं वेळापत्रक लावलंय. कान लावून ऐकायचं काम त्या दोननंतर करतात.

इतर दिवशी एका कानाचा हेडसेट, दुसरा कान मोकळा, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. साइटच्या लोकांना सांगून ठेवलंय की फोन करण्याआधी मिक्सरपासून चार पावलं बाजूला या आणि आधी सळईचा टेप लावलेला फोटो पाठवा. फोटोंमुळे पंधराचे सहा-सात फोन झाले. फायदा आमच्यापेक्षा त्यांचाच जास्त झाला असं ते म्हणतात, कारण अंदाजे सांगितलेली अंतरं फोटोत पकडली जातात.

मुलाचं टेबल त्याला परत मिळालं, असं म्हणायला हवं. सरांनी त्याची माफी मागितली ती मी ऐकली नाही. एवढंच पाहिलं, की दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर जिना चढून आले आणि मुलाच्या हातात क्रीमरोलचा पुडा होता. आता क्लायंटशी आकडे बोलायचे असले की तोही इंजेक्शनच्या खोलीत जातो. कधीकधी दोघांना एकाच वेळी ती हवी असते. मुलगा आधी.

मॅडमनी 30 सप्टेंबरनंतर टेबलं सोडली नाहीत. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उदबत्ती

एवढं झाल्यावर मला जोर आला. गणपतीनंतरच्या आठवड्यात सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हटलं, माझं काही खटकत असेल तर मोकळेपणानं सांगा. सगळे म्हणाले, छे छे, तुमचं काय.

चार दिवसांनी डिझायनर जाताना माझ्या टेबलाशी थांबली. “दादा, एक सांगू? रागावणार नाही ना?”

मी रोज सकाळी साडेनऊला आलो की देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावतो. खिडक्या बंद, एसी चालू. तिला धुरानं खोकला येतो आणि डोकं चढतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. म्हणजे उदबत्ती विझली तरी धूर तासभर आमच्यातच. म्हणून ती दीड वर्ष साडेदहाला येत होती. मी मात्र मनात नोंद करून ठेवली होती, की हिला सकाळी लवकर उठवत नाही.

खरं सांगायचं तर मला राग आला. देवाची उदबत्ती आहे, सिगरेट नाही, हे वाक्य ओठांवर आलं होतं. आठवडाभर गेला तो मान्य करण्यात. आता उदबत्ती मागच्या गॅलरीत लावतो, दार ओढून घेऊन. डिझायनर पावणेदहाला येते.

लक्षात राहिलं ते असं, की सगळ्यांना मिळून विचारलं तेव्हा मला छे छे मिळालं. ती सभा म्हणजे माझी चौथी पाटीच होती, फक्त तोंडी.

आत्ताची स्थिती

एसीचा वाद मिटलेला नाही. मॅडमना 24, ताईंना 27, आणि रिमोट ज्याच्या हाताशी त्याचं राज्य. तो वेगळा विषय आहे, कदाचित सुटणाराही नाही.

पहिल्या दोन पाट्या मी काढून टाकल्या. तिसरी काढायला गेलो तर सरांनी अडवलं. ती दारामागे तशीच आहे. नव्या माणसाला तेच तिची गोष्ट सांगतात आणि दर वेळी माझा भित्रेपणा थोडा वाढवून सांगतात.

सध्या टेस्टरचा प्रश्न आहे. रात्री प्यायलेल्या कॉफीचा कप तो बेसिनमध्ये तसाच ठेवतो, सकाळी मावशींना तो घासत बसावा लागतो, आणि त्यांचं बोलणं मला ऐकावं लागतं. तो येतो साडेसातला, मी निघतो साडेसहाला. बेसिनवर लावायला एक ओळ सुचली आहे आणि ती चांगली आहे. मंगळवारी मी साडेसातपर्यंत थांबणार आहे.